मी वगळलेला एकशे अकरा

नागपूर,
१४ फेब्रुवारी १९७४

प्रिय वामनराव यांस गोपाळचा सप्रेम नमस्कार.

या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात ते कळवावे. इकडे तुमची बहीण शामला ठणठणीत आहे, मुले ठणठणीत आहेत. मी मात्र ठणठणीत नाही, आणि त्यावर औषधही नाही, कारण मला जे झाले आहे तो अपमान आहे. (अपमान हा शब्द फार मोठा होतो का, यावर काल रोजनिशीत दीड पान विचार केला. होत नाही.)

मी इतवारीत गिरिधरशेठच्या मिरचीच्या पेढीवर पत्रव्यवहार पाहतो हे तुम्ही जाणताच. माल असतो भिवापूरच्या गोदामात आणि गोदाम असते नत्थूजींच्या ताब्यात. इथून मी चिठ्ठी लिहून ट्रकवाल्याला द्यायची, ती पाहून नत्थूजींनी त्याच्या ट्रकात पोती भरून द्यायची, असा जुना शिरस्ता. नत्थूजींना अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे येतात. म्हणून मीच एकदा सुचवले की चिठ्ठ्यांना ओळीने क्रमांक द्यावेत. काल ११७ आली असेल तर आज ११८ यायला हवी. दुसरे काही आले तर चिठ्ठी खोटी. या योजनेचा मला अभिमान होता. तिचा खरा उपयोग कुणाला झाला म्हणाल, तर चोराला. काल ११७ होती एवढे कळले की आज काय लिहायचे हे सांगायला बी. ए. व्हावे लागत नाही. डिसेंबरात एक इसम सकाळी सातला ११८ घेऊन भिवापुरात हजर झाला आणि वीस पोती घेऊन गेला. अकराला खरी ११८ पोहोचली. नत्थूजींनी चोर सापडला असे समजून त्या भल्या ट्रकवाल्याला मिरचीच्या गोदामात दोन तास कोंडले. तो अजून शिंकतो आहे असे ऐकतो. त्यावर शेठनी सक्त ताकीद दिली की यापुढे कुणाचा अपमान करायचा नाही, आकडा जुळला नाही तर चिठ्ठी नम्रपणे परत करायची. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

दोष माझा होता, तेव्हा उपायही मीच काढला. ओळीने आकडेच नकोत! मी मनातून दोनशे आकडे काढले, तीन-तीन अंकी, कशाचा कशाला संबंध नाही असे. त्यांच्या दोन याद्या केल्या, एक माझ्या पेटीत आणि एक लाखेची मोहोर लावून नत्थूजींकडे. यादीतला पुढचा आकडा चिठ्ठीवर घालायचा, काम झाले की दोघांनी खोडायचा. आता पाहू कोण ओळखतो, असे मी शामलाला म्हणालो. ती तोंडाला पदर लावून आत गेली, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

तीन आठवडे बरे गेले. मग मागच्या शुक्रवारी एक नवाच माणूस भिवापुरात आला, त्याने चिठ्ठी दाखवली, आकडा जुळला नाही, नत्थूजींनी ती नम्रपणे परत केली. त्याने खिशातून दुसरी काढली. तीही परत. तिसरीही परत. चौथीवर २७४ होता, आणि यादीतला पुढचा आकडा २७४ च होता. नत्थूजींनी पंधरा पोती मोजून दिली. शेठनी बोलावून घेतल्यावर म्हातारा माणूस हात जोडून एवढेच म्हणाला, "आकडा बराबर होता ना जी, मंग मी काहून नाही म्हनू?" 

दोष कुणाचा हे शेठना लगेच सुचले. यादी दोघांकडेच, गोपाळराव आणि नत्थूजी. पैकी गोपाळराव सुटले. का सुटले? प्रामाणिक म्हणून नव्हे! सगळ्या पेढीसमोर शेठ म्हणाले, "यायच्यात तेवढी हिंमतच नाही." सोळा वर्षे इमानाने काम केल्यावर मला मिळालेले प्रमाणपत्र हे असे. म्हणजे यादी फोडली ती नत्थूजींनी. ज्या माणसाने बावीस वर्षांत गोदामातली एक मिरची घरी नेली नाही, (सुनेच्या डोहाळजेवणाला त्याने बाजारातून विकत आणली, मी पंगतीला होतो) त्याला काढून टाकायची भाषा सुरू झाली.

मला राहवेना. पेढीसमोरच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन बसलो, काही कानावर पडते का पाहायला. आणि वामनराव, काय पडले म्हणता? आमच्या पेढीचा जुना रिवाज असा की काम होऊन परत आलेल्या चिठ्ठीचा आकडा शेठ गादीवरून तीनदा मोठ्याने वाचतात. ओळीने नसलेला, वापरलेला आकडा ऐकून कुणाचे काय भले होणार, म्हणून नव्या यादीनंतरही मी तो रिवाज थांबवला नव्हता. पण माझे आकडे ओळीने येईनासे झाल्यापासून गल्लीतले हमाल उद्या कोणता येणार यावर अर्ध्या अर्ध्या कपाची पैज लावू लागले होते. चार आकडे सांगायचे, एक लागला की चहा. आणि चंद्रभान हमालाने गेल्या पंधरा दिवसांत स्वतःच्या पैशाने चहा घेतलेला नव्हता.

मी त्याला बाजूला घेऊन विचारले, यादी कुठे पाहिलीस? तो हसू लागला. "यादी कायले पाह्यजे बाबूजी? तुमाले पाहून राहिलो ना रोज." मग त्याने बोटांवर मोजून सांगितले. माझ्या आकड्यात शून्य कधी येत नाही. एकच अंक दोनदा येत नाही. मोठा आकडा झाला की पुढचा लहान, म्हणजे कुणावर अन्याय नको. अशा आणखी दहा खोडी त्याला पाठ होत्या, आणि शेवटी सात नाहीतर चार. "सात तर तुमचा लाडका हाये जी. आन् दोनदा सात झाला का तुमाले लाज वाटते, मंग चार." ठेल्यावर दहा-बारा माणसे होती. ती सगळी माना हलवत होती! याच बाकावर बसून कुणी अनोळखी माणूस ही विद्या शिकून गेला असणार. माझे मन इतवारीच्या गल्लीत असे उघडे पडले आहे हे मला एकट्यालाच ठाऊक नव्हते.

मी थेट शेठकडे गेलो आणि सांगितले की यादी नत्थूजींनी फोडली नाही, ती मीच रोज फोडतो, माझ्या स्वभावाने. शेठना ते पटेना. शेवटी ते म्हणाले की मनातून न काढता नवी यादी करा, चंद्रभानला आठ दिवस चार-चार आकडे सांगू द्या. त्याला एकही लागला नाही तर दोष तुमच्या डोक्याचा होता असे मानीन. लागला, तर यादी नत्थूजीच फोडतात असे धरून त्यांनी होळीच्या आत किल्ल्या आणून द्याव्या.

या वेळी मी डोके वापरलेच नाही. जुन्या कॅलेंडरांच्या नऊशे चिठ्ठ्या कापल्या, १०० पासून ९९९ पर्यंत आकडे घातले, पिठाच्या डब्यात हलवल्या आणि डोळे मिटून एकेक काढली. तिसरीच निघाली १११. आता तुम्हीच सांगा, १११ ला कुणी उगाच निघालेला आकडा म्हणेल का? तो तर मुद्दाम काढल्यासारखा दिसतो. मी तो परत डब्यात टाकला. मग ५०० निघाला, तोही बरा वाटेना. १२३ तर निव्वळ थट्टा. ७ शेवटी असलेले पाच ओळीने आले, ते माझ्यावर आळ येईल म्हणून बदलले. अशी निवड करून यादी पुरी केली. पहिल्याच दिवशी चंद्रभानने दुसऱ्या फटक्यात आकडा सांगितला. चहा घेताना त्याने मला डोळ्यांनी दिलासा दिला, तो अपमान वेगळाच.

शेठनी मोठ्या मनाने आणखी एक संधी दिली आहे. शेवटची. असो. तुमच्या गुडघ्यांना तिळाचे तेल चोळावे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गोपाळ

ता. क. खरे काम राहिलेच. डबा आणि नऊशे चिठ्ठ्या सोबतच्या पार्सलात पाठवल्या आहेत. दोनशे तुम्ही काढा. आपल्या नात्यात तुमच्याइतका बेहिशेबी माणूस नाही. (मंगळवारी येतो असे कळवून तुम्ही आमच्याकडे रविवारी आलात, तेही मागल्या दाराने.) जे निघेल ते लिहा. एक यादी मोहोर लावून मला, एक थेट नत्थूजींना. १११ निघाला तर १११. मला आधी विचारू नका, मी विनवणी केली तरी नाही. एका म्हाताऱ्याची अब्रू तुमच्या हातात आहे.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तर शामलाने साखरेच्या डब्याखालून एक कागद काढून दिला. तिने तो सोमवारी लिहून ठेवला होता: "हे गुरुवारी दादाला पत्र लिहितील. गुडघ्यांपासून सुरुवात. काम ता. क. मध्ये. ता. क. दोन." मी यावर काही म्हणणार नाही.

तिसरा ता. क. तिने दोन म्हटले होते, म्हणून हा तिसरा. निदान घरात तरी मला कुणी असे ओळखून

(पुढचे शामला लिहिते आहे. दादा, त्यांना कागदाची मागची बाजू आत्ता दाखवली. तिथे लिहिले आहे: "तिसरा, मी दोन म्हटले म्हणून." चिठ्ठ्या तूच काढ, आणि डबा परत पाठव, पीठ पातेल्यात आहे. १११ ची चिठ्ठी यांनी पार्सलातून काढून घेतली होती. मी ती परत घातली आहे.)