गूळ न आलेली नावं

भिलवडी,
ता. १२ नोव्हेंबर १९७६

प्रिय शालन,

आधी कामाचं सांगतो, मग बाकीचं. सोमवारी साताऱ्यातल्या त्या कचेरीत टायपिस्ट म्हणून हजर होऊ नकोस. तुझे वडील, आमचे दाजी, ओरडतील, ओरडू देत. तुझी खरी नोकरी सांगलीत ठरली आहे! पोस्टाच्या भरवशावर राहिलो तर उशीर होईल, म्हणून हे पत्र आकाराम कंडक्टरच्या हाती देतोय. त्याला चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस.

पेरूच्या झाडाखाली बसून लिहितोय. माझी नात बनू मांडीला टेकून बसली आहे. एक ओळ झाली की पेनाचं टोपण लपवते आणि मी शोधायचं सोंग केलं की खुदूखुदू हसते. तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर तिला बोल लाव.

श्रावणात तू आलीस ती सांगलीच्या दवाखान्यातला नकार घेऊनच. म्हैसूरला चार वर्षं राहून, लहान मुलांना बोलायला शिकवण्याची पदवी घेऊन आलेली आमची पोर, आणि डॉक्टर म्हणाले, बाई, विद्या मोठी आहे तुमची, पण असली मुलं इथं येतच नाहीत. तू डोळे पुसत सांगत होतीस, आणि नेमकी तेव्हाच एक बाई पदर पसरून झाडाखाली येऊन उभी राहिली. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की मुलाला वाचा फुटते, म्हणून लांबलांबची माणसं आपल्या झाडाखाली येतात, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. मी तिला दोन पेरू दिले. तू ताडकन म्हणालीस, मामा, पेरूनं जीभ वळत न्हाई, शिकवावं लागतं. आणि न जेवता एस.टी. धरलीस.

मला राग आला. मी शाळेत गेलो नाही. पेरू गुंडाळायच्या रद्दीवर बोट ठेवून एकेक अक्षर शिकलो. म्हटलं, आता भाची मला अक्कल शिकवणार! बरेच दिवस फुगून होतो. शेवटी तुझी मामी म्हणाली, आवं, तुमी फुगून पेरू पिकत्यात व्हय? जावा की सांगलीला, पोरीसाठी शबूद टाका. मग दसरा झाल्यावर निघालो. डॉक्टरांना द्यायला निवडक पेरूंची पाटी भरून ठेवली होती, शेजारी टोचलेल्यांची. पहाटेच्या गडबडीत मी पाटी उचलली ती कुठली, हे तू ओळखलंसच.

डॉक्टरांनी माझं नीट ऐकून घेतलं आणि तुला दिलं तेच उत्तर मला दिलं. मग पाटीवरची पानं बाजूला केली आणि म्हणाले, काय हो मामा, पाखरांची उष्टी आम्हाला? मी शरमेनं लाल. सगळी हकिगत सांगावी लागली. डॉक्टर हसले, कंपाउंडर तर पोट धरून हसला. फक्त दाराशी उभी असलेली आया, मनुबाई, ती हसली नाही. हळूच म्हणाली, सायेब, म्या बी ह्यांच्याकडनंच पेरू नेला हुता, माझ्या ज्ञानूसाठी. डॉक्टरांनी विचारलं, मग, बोलला का? ती म्हणाली, न्हाई. सात वर्साचा झाला.

शालन, ज्ञानूचं नाव बघायला मी खिशातून माझी वही काढली. रिवाज तुला माहीत आहे, मूल बोललं की आईबापांनी झाडाच्या बुंध्याशी गुळाचा खडा आणून ठेवायचा. नवी नवी शिकलेली अक्षरं वापरायची कुठं, म्हणून पेरू नेणाऱ्याचं नाव, गाव, मुलाचं वय मी लिहून ठेवत आलो, आणि खडा आला की पुढं ‘गूळ आला’. बारा वर्षांत सत्तावन्न नावं. एकतीस जणांचा गूळ आला. ती मुलं उशिरा का होईना, आपली आपणच बोलली असती, हे डॉक्टरांनी मला समजावलं. बाकी सव्वीस जागा कोऱ्या. मनुबाईच्या ज्ञानूचीही कोरीच. डॉक्टर पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, मामा, ह्या सव्वीस घरांना कार्ड टाका.

टाकली. गेल्या गुरुवारी दवाखान्याच्या ओसरीवर सव्वीस नव्हे, चौतीस मुलं आली. आटपाडीकडचा कोंडीबा मेंढका लेकीला खांद्यावर बसवून आला, आणि वाटेत भेटलेली आणखी दोन पोरं घेऊन. डॉक्टर बाहेर येऊन बघतच राहिले. म्हणाले, इतकी मुलं होती तरी कुठं? मनुबाई म्हणाली, घरात हुती सायेब, पेरू खात! ह्या वेळी मात्र ती स्वतःच आधी हसली.

तर मागची औषधांची खोली तुझ्यासाठी रिकामी होते आहे. आत्ता अर्धा दिवस, सहा महिने बघू म्हणतात. सोमवार, २२ तारखेपासून. त्यांचं पत्र येईलच. आरसा हवा, फुंकर मारायची खेळणी हवीत, असं तू म्हणायचीस ना? आरसा मामीनं काढून ठेवलाय, पिपाण्या मी जत्रेतून आणतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. सव्वीस नावं कोरी म्हणालो, ती डॉक्टरांना दाखवलेली. सत्ताविसावं परवा रात्री लिहिलं. बनू, भिलवडी, वय पावणेचार. पोपट ओरडले की वर बघते, टाळ्या पिटते, हसते, पण शब्द नाही, साधं ‘आई’ही नाही. श्रावणात ती झोपली आहे म्हणालो, ते खोटं. तू विचारशील म्हणून मामीनं तिला आत नेलं होतं. ज्याच्या दारात झाड, त्यानं कुणाच्या दारी जायचं, ह्या लाजेपायी तुझ्यावर चिडलो होतो गं. २२ तारखेला तिला घेऊन येतो. तुझी भाची म्हणून तिला पुढं घेऊ नकोस, नंबर येईल तेव्हा येईल. गुळाची ढेप आजच आणून ठेवली आहे. पहिला खडा झाडाला नाही, तुझ्या टेबलावर ठेवायचा. मामी म्हणते, मुंग्या लागतील. म्हटलं, डब्यात घालून ठेव, लागू दे कितीही दिवस.

तुझाच,
रांगेत बसायला तयार असलेला
नाथामामा