एकानं वाचायचं, एकानं दाबायचं

दि. ९, रविवार
दुकानातून, दुपारचे दोन

प्रिय मास्तर,

आशीर्वाद. पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही दोघं इकडे आहोत तसे आहोत. तुझ्या ताईचा गुडघा बरा नाही, पण ती त्याचं ऐकत नाही, त्यामुळे हल्ली तोच गप्प बसतो. मी दमतो. काम तेवढंच आहे, पण संध्याकाळी शटर ओढताना हात वर जायला कुरकुरतो. तुझ्या घरी सगळे कसे आहेत? पोरीची परीक्षा कशी गेली?

फोनच केला असता. पण फोनवर तू "बोला भाऊजी" म्हणतोस, मी हवापाण्याचं काहीतरी बोलतो आणि ठेवून देतो. नऊ वर्षांत आपलं बोलणं त्यापुढे सरकलेलं नाही. शिवाय माझा लॅपटॉप आत्ता टेबलावर पोट उघडून पडलाय, त्यामुळे टाईप करायचीही सोय नाही. इतकं लांबलचक हातानं लिहायची सवय गेली आहे. अक्षर लावून घे.

लॅपटॉप तोच, काळा, तू असतानाचा. हल्ली सकाळी तो चालू करून मी शटर उघडतो, झाडून घेतो, चहा पिऊन येतो, तरी हा आपला जागाच होत असतो. महिन्याभरापासून आतली डिस्क खरखरायला लागली होती. गिऱ्हाईक असल्या वेळी म्हणतं, "कुठे काय, मला तर काही ऐकू येत नाही." त्यांना नाहीच येणार. मला मात्र पलीकडच्या खोलीतून कळतं, कुठली महिना काढेल आणि कुठली आठवडा. जिन्याखाली टेबल टाकून रेडिओ दुरुस्त करायला बसलो तेव्हापासून माझं शिक्षण म्हणजे हे दोन कान.

नवी एसएसडी, ती बिनआवाजाची वेगवान डिस्क, खणात सहा महिने पडून होती. लोकांचे रोज दोन-दोन करून देतो, स्वतःचा राहतो. आज सुट्टी, शटर अर्धं खाली, म्हटलं उरकून टाकू. सगळी सिस्टीम आहे तशी उचलून नव्यावर न्यायची, बस. दोन्ही जोडल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, यादीत नावं सारखी. फरक फक्त नंबरात. पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: निवडलेल्या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढे जायचं?

माझं बोट तिथंच थांबलं.

नियम तुझा. एकानं डिस्कवरचा नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघायचा, मगच दाबायचं. एकट्यानं दोन्ही करायचं नाही, कारण एकट्या माणसाला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं. असली वाक्यं टाकायचास म्हणून तर तुझं नाव मास्तर पडलं. मी तुझ्या ताईला हाक मारली. ती वरून ओले हात पुसत उतरली.

"काय वाचू?"

"शेवटचे चार."

"सात, शून्य, तीन, एक. एवढ्यासाठी माझा गुडघा उतरवलात?"

"नियम आहे."

"कुणाचा नियम ते ठाऊक आहे मला," असं म्हणून ती तिथंच स्टुलावर टेकली. "त्यानं शाळेला नाही म्हटलंय."

"कुठल्या शाळेला?"

"परवाच सांगितलं की तुम्हाला! कान फक्त मशीनसाठी ठेवलेत का? त्यांच्या गावातली शाळा. तीस कॉम्प्युटरची खोली त्याच्या हवाली करत होते. मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन गेले. तर म्हणतो, माझा हात लागला की वाटोळं होतं, दुसरा बघा. त्यांनी शुक्रवारपर्यंत थांबतो म्हटलंय. पण हा कसला बदलतोय! गोदामाच्या फाटकावर बसून गाड्यांचे नंबर लिहिण्यात जायचा त्याचा जन्म." मग उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही तेव्हा त्याला एका शब्दानं बोलला नाहीत, हे मी विसरणार नाही कधी. दुसरा कुणी असता तर चारचौघांत काढली असती त्याची."

ती वर गेली. मी दाबलं. एक तास चाळीस मिनिटं लागतील असं पडदा म्हणतोय. म्हणून कागद घेतला.

समोरच्या चष्मेवाल्यानं दुकान मुलाला दिलं. मुलगा गिऱ्हाइकाशी बोलत नाही, पण चष्मे चांगले देतो. आपल्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना गाड्या लावतात, टेम्पो आत येत नाही. मोठं टेबल अजून तेच आहे, तू बसायचास तिथला खिळा वर आला होता, तो मी ठोकला.

चौदा टक्के झाले.

पुरे झालं माझं हे इकडचं तिकडचं. मोठ्या बाईंच्या डिस्कचं लिहायचंय. तुला त्या दिवसाची आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला सगळं क्रमानं लिहायचंय, एकही पायरी न गाळता.

बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं त्यांनी बसून शाळेचा इतिहास टाईप केला होता, चारशे जुन्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या आठवणींसकट. मशीन अडायला लागलं म्हणून आपल्याकडे आणलं. तू म्हणालास, आधी एक प्रत बाजूला काढून ठेवू. मी म्हणालो, वेळ नाही, सकाळी द्यायचंय. संध्याकाळी तू दोन्ही डिस्का जोडल्यास, नंबर वाचलेस, मी ताडले. बरोबर होते. तू चिठ्ठी लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलीस: "वरची जुनी, खालची नवी." तेवढ्यात घरून फोन आला, पोरीला ताप भरलाय. मी म्हणालो, "पळ तू. बटण काय, मी दाबतो." तू गेलास.

इथपर्यंतचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

तू गेल्यावर पाच मिनिटांत आपल्या गल्लीची वीज गेली. पाऊण तासानं आली. मशीन मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा सुरू केल्यावर यादीतला क्रम कधीकधी उलटतो, हे तुलाच काय, मी दहाजणांना शिकवलंय. त्या दिवशी उलटला होता. नवी वर गेली होती, जुनी खाली. मी तुझी चिठ्ठी वाचली. नंबर वाचले नाहीत. भूक लागली होती, घरी जायचं होतं, तेव्हा आम्ही दुकानावर राहायला आलो नव्हतो. जुनी म्हणून वरची निवडली, नवी म्हणून खालची निवडली आणि दाबलं.

बाईंची डिस्क जागोजागी खराब होती म्हणून आपण कण न कण उतरवायचा पर्याय ठेवला होता. त्यामुळे कोऱ्या डिस्कचा कोरेपणा रात्रभर कण न कण बाईंच्या डिस्कवर उतरत राहिला. मागून खोदून काढण्याजोगंही काही राहिलं नाही.

सकाळी तू माझ्या आधी आलास. मी पोचलो तेव्हा तू एकदा चिठ्ठीकडे आणि एकदा पडद्याकडे बघत होतास. "भाऊजी, मी उलटी लिहिली," म्हणालास. वीज गेल्याचं तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या बाजूला गेलीच नव्हती. मला तोंड उघडायची तीच वेळ होती. मी उघडलंही. पण त्यातून बाहेर आलं काय? "जाऊ दे रे. माणसाच्या हातून होतं."

दहा वाजता बाई आल्या. तू काउंटरच्या बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "बाई, माझ्या हातून गेलं." त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "टाईप झाले तसे कागद मी फाडत गेले रे. घरात जागा कुठे होती?" मी पाठ करून डबीत स्क्रू भरत होतो. प्रत्येक शब्द ऐकला मी.

का, असं तू विचारशील. पाटीवर माझं नाव होतं. बाईंच्या शब्दावर अर्धं गाव दुकानात यायचं. आणि तू घरचा, तुझं काय, चार दिवसांनी विसरशील, असं वाटलं. महिन्याभरात तू दुकान सोडलंस, गावही सोडलंस. तरी मी म्हणत राहिलो, बोलू पुढच्या वेळी. फोनवर मी तुझ्या मागचे आवाज ऐकत असतो. गाड्या, फाटकाची साखळी, कुणाची तरी शिट्टी. कीबोर्डची टकटक नऊ वर्षांत एकदाही नाही. मला ते कळत नव्हतं असं समजू नकोस. ती नाहीये, हे दर वेळी ऐकू येत होतं.

आणि वर मी मोठ्या मनाचा ठरलो. तुझ्या बायकोनं तेव्हा निरोप धाडला होता की भाऊजींनी सांभाळून घेतलं. तो निरोप मी ठेवून घेतला. तुझ्या ताईनं तर नऊ वर्षं त्याचं माप माझ्या पदरात टाकलं, आज दुपारीसुद्धा. खांद्यावर ठेवलेला तिचा हात कधी उचलला जातोय असं झालं होतं मला.

बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तुझ्या हातून गेलं, हेच घेऊन गेल्या. ते आता मला दुरुस्त करता येत नाही.

मशीनचं काम संपलं. जुनी काढली, नवी बसवली, सुरू केलं. बारा सेकंद! सगळं जागच्या जागी आहे, मी पाच वर्षं न पुसलेल्या कचऱ्यासकट. नवी डिस्क म्हणजे नवं मशीन नव्हे, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय.

तुझी चिठ्ठी बरोबर होती, मास्तर. तू लिहिलीस तेव्हा वरची जुनीच होती. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. शुक्रवारच्या आत त्या शाळेला हो म्हण. मुख्याध्यापकांनी विचारलं की आधी नाही का म्हणालात, तर माझं नाव सांग, दुकानाच्या नावासकट. माफी मागायला हवी हे कळतं. पण ती मागितली की द्यायची की नाही हे ठरवायचं काम तुझ्यामागे लागेल, आणि माझ्यामुळे तुझ्यामागे आधीच पुष्कळ लागलंय.

तुझ्या ताईला यातलं काही ठाऊक नाही. पाकीट बंद करायच्या आधी हे तिला वाचायला देणार आहे. खाली जागा सोडतो, तिला काही लिहायचं असलं तर.

ज्यानं बटण दाबलं तो,
तुझा भाऊजी



सोमवार, सकाळ

बाळ्या,

वाचलं. रात्री एकदा आणि सकाळी उजेडात एकदा.

हे पोस्टात टाकलेलं नाही. शुक्रवारपर्यंत पोचेल याचा भरवसा नव्हता, म्हणून मीच घेऊन आलेय. वाचून झालं असेल तर तोंड धुऊन ये, आपल्याला शाळेत जायचंय. मी बाहेरच्या खोलीत बसलेय, मोठी बॅग घेऊन. किती दिवस राहणार ते तिकडे सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

ताई