त्रेचाळिसांचे चाळीस

११ फेब्रुवारी २००३, मंगळवार

चाळीस! चाळीसच संदर्भ चालतील म्हणे. माझे त्रेचाळीस आहेत.

आज सायबर कॅफेत संपादकांची ईमेल उघडली. लेख आवडलाय, दुरुस्त्या किरकोळ आहेत, पण शेवटची संदर्भांची यादी चाळिसाच्या वर नको. चोवीस तारखेच्या आत सुधारून पाठवला तर महिनाअखेर स्वीकृतीचं पत्र. आणि ते पत्र हातात असलं तरच तीन मार्चच्या मुलाखतीला काही अर्थ आहे. वाघोलीच्या कॉलेजात कायमची जागा — एकच! तीन वर्षं मी तासिकांवर शिकवतेय, दर जूनला नव्याने अर्ज, नव्याने हांजी हांजी. कंटाळले. खरंच कंटाळले.

तीन तर काढायचेत. हात्तिच्या, त्यात काय!

१२ फेब्रुवारी

त्यात काय म्हणे! कुणाला काढू?

विभागप्रमुखांचा एक आहे, त्याला हात लावला तर माझाच निकाल लागेल. माझा प्रबंध ज्यांच्याकडे जाणार त्या परीक्षकांचे दोन. मेहेंदळे सरांचे चार — ते तर देवघरातले. माझे गाईड, शिवाय या लेखावर माझ्या नावाखाली त्यांचंही नाव. त्यातला ८६ सालचा काढला तर लेखच उरत नाही. तेव्हा सरांनी वाघोलीच्या अकरा विहिरींची पाणीपातळी दोन वर्षं मोजली होती. आता त्याच अकरा मी मोजल्या. पाणी सात मीटर खाली गेलंय. तेव्हाचे आकडे सरांचे, आत्ताचे माझे, आणि मधली वजाबाकी म्हणजे माझी पीएच.डी.

शेवटी नववा काढला, तो अमेरिकेत आहे, त्याला कळणार नाही. चौदावा काढला, ते गृहस्थ वारलेत. आणि सतरावा माझाच, नागपूरच्या परिषदेतला. गरिबाला कोण विचारतं!

१३ फेब्रुवारी

सरांना यादी दाखवली. चष्म्यावरून बघितलं. "हा पान नंबर कुठून आणलात? स्वप्नात आला का?"

दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून उतरवला होता, मूळ अंक बघितलाच नव्हता.

"संदर्भ म्हणजे साक्षीदार, बाई. ज्याला आपण भेटला नाहीत त्याला कोर्टात उभं करू नका."

म्हणजे उद्या परत लायब्ररी, परत ती धूळ, परत शिंका. पण खरं सांगू? असा गाईड मिळायला भाग्य लागतं. वाशिमहून आले तेव्हा एक इंग्रजी वाक्य धड लिहिता येत नव्हतं मला. पहिलं प्रकरण सरांनी सात वेळा लिहून घेतलं. सातही वेळा टोमणे मारले, पण "तुम्हाला जमणार नाही" एकदाही म्हणाले नाहीत. आमच्या विभागात तेवढा एकच माणूस आहे ज्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

१४ फेब्रुवारी

दिवसभर लायब्ररी. संध्याकाळी शेफाली, माझी रूममेट, लाल टॉप घालून एफ.सी. रोडला निघाली. म्हणते, "तुझे तर चाळीस व्हॅलेंटाइन आहेत यार, टेन्शन नॉट!"

१५ फेब्रुवारी, शनिवार

मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

नववा काढला की दहाव्याचा नववा, अकराव्याचा दहावा, असे पुढचे सगळे आकडे लेखभर बदलायचे. शेफाली म्हणाली होती, रिप्लेस मार, दोन मिनिटांत होतं. विभागातल्या कॉम्प्युटरवर बसले आणि शेवटापासून सुरू केलं. त्रेचाळीसचे बेचाळीस, बेचाळीसचे एक्केचाळीस... अर्ध्या तासाने बघते तर काय, नवाच्या पुढचे झाडून सगळे [९]! जगातलं सगळं ज्ञान एका नवव्या माणसाने दिलेलं! आणि मी शहाणीने फ्लॉपीवरही तेच सेव्ह केलेलं.

आधी हसले. मग रडले.

आता जुनी छापील प्रत शेजारी ठेवून आकडा न् आकडा हाताने. सतराच्या पुढे प्रत्येकातून तीन वजा. डोळ्यांची आग होतेय.

१६ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंकडे बाबांचा फोन. "झालं का वं तुयं लिवनं?" उद्या देते म्हटलं. "नौकरीचं समजलं का लगेच सांगजो." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१७ फेब्रुवारी

झालं! चाळीस. एकदाचे चाळीस!

सरांना प्रत दिली. ते वाचून सही करतील, मग स्पीडपोस्ट. प्रत पिशवीत टाकत म्हणाले, "उद्या मी नाही, परवा शिवजयंतीची सुट्टी. घरी वाचतो. गुरुवारी या." आज पोटभर जेवले.

१८ फेब्रुवारी

अरे बाप्पा! काय करून बसले मी!

सहज म्हणून माझी प्रत चाळत होते. तक्ता दोनखालची तळटीप — बारीक अक्षरातली. तिच्यातला आकडा बदलायचा राहिलाय! तिथे मी लिहिलंय, "या अभ्यासातील चार विहिरी प्रत्यक्ष मोजलेल्या दिसत नाहीत, शेजारच्या विहिरींवरून आकडे अंदाजाने भरलेले असावेत [२२]." बावीस म्हणजे ७१ सालचा एक जुना सर्वेक्षण अहवाल. मी स्वतः तपासलाय, त्यात तसंच आहे. पण तीन काढल्यावर तो अहवाल झाला एकोणिसावा. आणि आता बावीसवर कोण?

मेहेंदळे, १९८६.

सरांच्या लेखात, सरांच्या सहीने, मी सरांनाच खोटारडं म्हटलंय! तीनदा फोन लावला त्यांच्या घरी. कुणी उचलत नाही. शेफाली म्हणते, "चिल मार, टायपो आहे." टायपो! हा माणूस पान नंबर चुकला तर स्वप्नात आला का विचारतो.

१९ फेब्रुवारी

न राहवून सरांच्या घरी गेले. रस्ताभर भगवे झेंडे, ढोल, काही ऐकू येत नव्हतं. दार नीरजाकाकूंनी उघडलं, सरांच्या मिसेस. नेहमी आधी पाणी देतात. आज दारातच उभ्या राहिल्या.

"आत्ता नको गं, अपेक्षा. कालपासून तुझाच लेख घेऊन बसलेत. जेवलेसुद्धा नाहीत नीट."

"काकू, तेवढं एकच सांगायचं होतं —"

आतून सरांचा आवाज आला. "अपेक्षा आहे का? उद्या दहाला या म्हणावं."

आकडा चुकलाय, दोन शब्दांचं काम! पण नुसतं 'बरं' म्हणून वळले. खाली येऊन स्कूटरवर तशीच बसून राहिले. सही देणार नाहीत. वाघोली गेलं. प्रबंधाचंही काही खरं नाही — त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती. येताना दुरुस्त केलेलं पान छापून आणलं. बावीसचे एकोणीस. उद्या गेल्या गेल्या तेच हातात देईन, सरळ पाय धरीन आणि म्हणेन, हाताची चूक झाली सर, मनात काही नव्हतं.

२० फेब्रुवारी

दहाला गेले. पान पुढे करणार तेवढ्यात सरांनी उठून खोलीचं दार लावलं. टेबलावर माझा लेख, तळटीपेचंच पान उघडं. रागावले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. आज पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं.

"चार नव्हे, सहा होत्या. तुला कुणी सांगितलं?"