इंजिन काही गेलेलं नाही, भाऊजी

भाऊजी,

चिरंजीव लिहावं तर तुम्हाला टक्कल पडलेलं, तीर्थरूप लिहावं तर वयाने तुम्ही ह्यांच्याहून धाकटे. म्हणून नुसतंच भाऊजी. आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल. तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? (नसेल तर तुमची सिगारेट घराबाहेर काढा, पाठोपाठ खोकलाही जाईल.)

आता मुद्दा. रविवारी तुम्ही गाडीला गिऱ्हाईक घेऊन येणार असं ह्यांच्या तोंडून निसटलं. आणू नका. मामंजींची ती दोन माणसांची, टप उघडणारी गाडी म्हातारी झाली तरी अजून रस्त्यावर माना वळवते, आणि तिला तुम्ही फोनवर, जेवता जेवता, न बघता सांगितलंत, "इंजिन गेलं, काढून टाका." अहो, वैद्यसुद्धा आधी नाडी बघतो!

झालं होतं एवढंच, की इंजिन तापलं की तेलाच्या दाबाचा काटा खाली लोळण घ्यायचा. हे लगेच म्हणाले, "धाकट्याचं बरोबर आहे." (लग्नापासून ह्यांना तुमचंच बरोबर वाटत आलंय, आमचं लग्न तुम्हाला पसंत नव्हतं तेवढा एक विषय सोडून.) गॅरेजवाल्याने तर बॉनेट न उघडताच सांगितलं, "बेअरिंगं झिजलीत, इंजिन उतरवावं लागेल." मी म्हटलं, उतरवू, पण आधी काटा खरं बोलतोय का ते बघू. तेल पट्टीवरच्या खुणेपर्यंत होतं. मग ट्रक दुरुस्त करणारी माझी मैत्रीण आहे ना, तिच्याकडून दाब मोजायचा दुसरा गेज उसना आणला आणि इंजिनाला जोडला. तोही तेच बोलला. काटा निर्दोष, दुखणं खरं. त्या दिवशी मला घास गिळवेना. (हे तुम्हाला सांगणार नव्हते.)

पण बेअरिंगं झिजली की इंजिन आतून ठोके देतं, आणि आमचं तर गुमान चालत होतं. मग मला कुकर आठवला. शिट्टीखाली एखादं शीत अडकलं की वाफ फुसफुसत बाहेर जाते आणि दाब काही धरत नाही. इंजिनातही तेलाचा जादा दाब सोडून द्यायला एक झडप असते, स्प्रिंगने दाबून धरलेली. तीच कशाने उघडी राहिली असेल तर? गॅरेजवाला हसला. "ताई, हे स्वयंपाकघर नाही." मी म्हटलं, "म्हणूनच इथे एवढी घाण आहे."

घरी येऊन मीच पाना घेतला. हे घमेलं घेऊन गाडीखाली आडवे झाले. झडपेचं बूच फिरवलं, तशी स्प्रिंग सुटून कपाटाखाली गेली आणि तेल घमेलं सोडून थेट ह्यांच्या कानात. "सापडलं का काही?" हे खालून ओरडले. सापडलं होतं! झडपेच्या तोंडाशी, झाकणाच्या सांध्याला लावतात त्या लाल चिकटीचा वाळलेला तुकडा. भाऊजी, मागे तेलपंपाचं झाकण मोठ्या हौसेने कोणी बसवलं होतं? "चिकटी सढळ हाताने लावावी, वहिनी" असं कोण म्हणालं होतं? पुसलं, स्प्रिंग शोधली, बसवलं, इंजिन चांगलं तापवलं. काटा पन्नाशीवर ताठ! ह्यांनी तेलकट हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "धाकट्याचं चुकलं."

तेव्हा गाडी विकायची नाही. गिऱ्हाइकाला तुमची स्वतःची गाडी दाखवा.

माघार न घेणारी,
तुमची वहिनी

ता. क. : चिठ्ठी स्वतःच द्यायला आम्ही गाडीतूनच निघालो. चढावरही दाब हलला नाही. मी सबंध रस्ताभर त्या काट्यावरची नजर हलवली नाही.

ता. क. दुसरा : त्यामुळे शेजारच्या पेट्रोलच्या काट्याकडे बघायचं राहिलं. आम्ही तुमच्या घराच्या थोडं अलीकडे, पुलापाशी उभे आहोत. चिठ्ठी पाववाल्याच्या हाती देतेय. डबाभर पेट्रोल घेऊन या. दोर आणू नका. ही गाडी ओढून न्यायची नाही.

ता. क. तिसरा : फोन जवळ आहे. पण फोनवर तुमचं हसणं मला ऐकावं लागलं असतं. काय हसायचं ते घरीच हसून घ्या आणि मग निघा.