मेविसला घेऊन फरार होताना

यॉर्कशर, पोलीस चौकी,
१२ मार्च १९४८

तीर्थरूप ताईस,

धाकट्या सिरिलचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? मी धडधाकट आहे. वर्तमानपत्रातला माझा फोटो पाहिलाच असशील. तो तुझ्या लग्नातला, अर्धा कापून छापलाय (उरलेल्या अर्ध्यात तू होतीस, म्हणजे घराण्याची निम्मी अब्रू वाचली).

झालं ते असं. हल बंदरातल्या गोदीत मुकादम क्रॅगने मटणाचे डबे लांबवले आणि नाव माझं घेतलं. मी त्याला ढकललं, तो जिन्यावरून गडगडला आणि हलेचना. मी पळालो. बॉम्बने पडलेल्या एका घराच्या तळघरात शिरलो, तर तिथे आधीच बिऱ्हाड! सात वर्षांची आईबापांविना पोर, नाव मेविस.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली. "मी घरातली आठवड्याची रेशनची सगळी साखर खाल्ली. तुम्ही काय केलंत?"

"माणूस मारला."

"मग तुम्ही सुटाल. मावशी मला सोडणार नाही."

तिला तीनदा घराकडे पिटाळलं. तिन्ही वेळा पुढच्या वळणावर ही बया माझी वाट बघत उभी! मग चार दिवस माळरानातून उत्तरेकडे पायपीट, तिथल्या किनाऱ्यावरून होडीने नॉर्वेला सटकायचा माझा बेत. हिची कुरकुर अखंड: माझं चालणं भरभर, माझी शीळ बेसूर, मी चोरून आणलेला सलगम कच्चा (मी काय रानात चूल मांडू?). रेल्वे फाटकावर हवालदार भेटला, तर त्याला ठणकावून सांगते, "हे माझे बाबा नाहीत. आम्ही दोघं पोलिसांपासून पळतोय!" हवालदार पोट धरून हसला. "बाईसाहेब, गुन्हेगार मोठ्याच दिसता!" म्हणत त्याने तिला पेपरमिंटची गोळी दिली. मला नाही दिली.

एका ओढ्यावर तिचे पाय धुताना पोटऱ्या दिसल्या. पट्ट्याचे वळ, ताई. जुने, नवे, एकावर एक. त्यानंतर तिला परत पाठवायचं नाव मी काढलं नाही.

आणि मला नॉर्वेला नेणारी होडी दोन मैलांवर आली असताना या पोरीने ताप काढावा? जरा धीर नाही! शिव्या देत तिला खांद्यावर टाकलं आणि मागच्या गावात नेलं. डॉक्टरीणबाईंच्या दारावरच माझं चित्र चिकटवलेलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, "आधी हिला बघा. मी कुठे जात नाही." फौजदार आले तेव्हा मेविसने झोपेत माझं बोट घट्ट धरलेलं. बेडी दुसऱ्या हाताला घालावी लागली.

क्रॅग मेलेला नाही. जबडा मोडलाय, सहा आठवडे बोलणार नाही (गोदीत आनंदीआनंद आहे म्हणे). मला सहा महिने होतील.

तर अशी ही मुलगी. हट्टी, तोंडाळ, खादाड. वैऱ्याच्याही दारी येऊ नये.

तुझा,
सिरिल

ता. क. ताप उतरलाय. मंगळवारी दुपारच्या बसने ती तुझ्याकडे येतेय. तिला अंधाराची भीती वाटते, पण ती कबूल करणार नाही. दिवा ठेव.

आणखी ता. क. मावशीकडे पाठवायला न्यायाधीशांनी साफ नकार दिला आणि दुसरं कुणी नातेवाईक आहे का, असं विचारलं. अर्जावर मी तुझं नाव घातलंय. नात्याच्या रकान्यात 'आत्या' लिहिलंय. कुणी विचारलं तर तसंच सांग.