यंत्र क्रमांक नऊ उघडून बघण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंद्याने संगणक दुरुस्त करणारा आणि मधली सहा वर्षे सरकारी तपासनीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे काही चिरंजीवांना दिले होते आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे ठकीचा, साधा उल्लेखही केला नव्हता. ते रद्द समजावे. तिच्यावर राग होता म्हणून तिला वगळले नव्हते. तिच्याविषयी लिहायला बसलो की शरमेने पेन खाली ठेवत होतो.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात आठवणी लिहायच्या नसतात. कोणाला काय, एवढंच लिहा." मी म्हटले, "बाई, का ते लिहिलं नाही तर ती घेणार नाही." त्यावर त्यांनी आणखी कागद पुढे सरकवले. म्हणून हे लांबले आहे.

कलम एक. देहाविषयी. डॉक्टरांनी मला आता दुरुस्त होण्यासारखे काही उरलेले नाही असे सांगितले आहे. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी निदान दोनदा उघडून बघितले आणि मग सांगितले. मी हजारो वेळा न उघडता सांगितले आहे. देह ज्या रुग्णालयाला उपयोगी पडेल त्याला द्यावा, आणि माझा फोटो भिंतीवर लावू नये.

कलम दोन. बँकेतली शिल्लक आणि वरच्या मजल्यावरचे राहते घर चिरंजीवांना आणि सूनबाईंना. दोघांनी माझे शेवटच्या आजारात खूप केले. चिरंजीव कंपन्यांना त्यांचे संगणक किती वीज खातात याचे तक्ते करून देतात. आमचा एकच वाद आयुष्यभर चालला. तो म्हणतो, "बाबा, योजना चुकीची नव्हती. नवी यंत्रं खरंच कमी वीज खातात. आपल्यासारख्या वर येऊ बघणाऱ्या देशाला ते करावंच लागणार होतं." बरोबर आहे. मी हे त्याच्या तोंडावर कधी मान्य केले नाही, इथे करतो. पण बाळा, योजनेत काय लिहिले होते आणि मी काय केले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर वेळी योजनेच्या बाजूने बोलून तू मला पाठीशी घालत होतास. ते मला कळत होते. मी घालू देत होतो.

कलम तीन. माझी हत्यारे: स्क्रूड्रायव्हरचे दोन्ही संच, मल्टिमीटर, ब्लोअर, तिन्ही सोल्डरिंग आयर्न. चिरंजीवांनी रागावू नये, पण त्याला स्टार स्क्रूड्रायव्हर आणि चपटा यातला फरक सांगता येत नाही. हे सगळे ठकीला. तिला मीच शिकवले होते आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

कलम चार. तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा, त्यातली लांब टेबले, पंखे, विजेचे मीटर आणि मागची छोटी खोली, हे सगळे ठकीला, कोणत्याही अटीशिवाय. तिने मला माफ करावे अशी अट नाही. तिने तिथे क्लास काढावा अशीही नाही. तिने कुलूप लावून ठेवले तरी कोणी हूं की चूं करू नये. आता का ते लिहितो.

या गाळ्यात मी सव्वीस वर्षे लोकांचे बिघडलेले संगणक दुरुस्त केले. ठकी दोन गल्ल्या पलीकडे मुलींना संगणक शिकवायची. तिच्या क्लासात सोळा यंत्रे होती. ती सोळाही मी जोडली होती, लोकांनी टाकून दिलेल्या भागांतून. याचा पडदा, त्याची हार्ड डिस्क, तिसऱ्याच कोणाचा पंखा. प्रत्येकावर तिने पांढऱ्या रंगाने क्रमांक काढला होता. त्या क्लासात शिकून बाहेर पडलेल्या मुली बँकांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या. कोणी विचारले की ठकी नाक वर करून सांगायची, "दादाची यंत्रं आहेत. बंद पडत नाहीत."

मग ती योजना आली. जुने, वीज खाणारे संगणक मोडीत काढायचे आणि कमी वीज खाणारे नवे बसवायचे. चांगली गोष्ट होती. जुने यंत्र खरोखर मोडीत काढण्याजोगे आहे की नाही हे ठरवायला जाणकार माणूस हवा होता, आणि माझी निवड झाली. घरी सगळ्यांना आनंद झाला. ठकीने माझ्यासाठी सदऱ्याचे कापड आणले.

फॉर्मवर दोन चौकटी होत्या. एक 'दुरुस्तीयोग्य', दुसरी 'दुरुस्तीपलीकडे'. पहिलीवर खूण केली की सोबत तीन पानांचे परिशिष्ट हाताने भरावे लागे: कोणता भाग, काय बिघाड, किती वेळ. दुसरीला फक्त शिक्का. दिवसाला चाळीस यंत्रे तपासून झाली पाहिजेत असा हुकूम. पहिला आठवडा मी प्रत्येक यंत्र उघडले, परिशिष्टे भरली, आणि दिवसाला नऊच्या वर गेलो नाही. साहेबांनी बोलावून घेतले.

साहेब आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितले. "हे बघा, तुम्ही दुरुस्त केलेला संगणक देशाच्या वाढीत कुठे दिसतो? दिसतच नाही. तोच मोडीत काढला आणि नवा आला, की दोनदा दिसतो. विक्रीत एकदा आणि वाचलेल्या विजेत एकदा. तुम्ही परिशिष्टं भरत बसलात तर देश पुढे कसा जाणार?"

मला ते पटले असे मी बायकोला सांगितले. खरे सांगायचे तर मला ती केबिन पटली. दारावर पाटी होती, आत पाणी आणून देणारा शिपाई होता. सव्वीस वर्षे लोक मला "ए मिस्त्री" म्हणत होते आणि आता "या साहेब" म्हणू लागले. दुसऱ्या आठवड्यापासून मी झाकण उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बटणही दाबले नाही. रांगेने शिक्के मारत गेलो.

पुढे ठकीच्या क्लासाची पाळी आली, कारण परवाना नवा करायचा तर तपासणी सक्तीची होती. मी साहेबांना म्हटले, तिथे दुसऱ्या कोणाला पाठवा, माझी सख्खी बहीण आहे. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही जा. स्वतःच्या घरापासून सुरुवात केलीत की बाकीचे गप्प बसतील." आणि स्वतः फोटोग्राफर घेऊन माझ्याबरोबर आले.

सकाळची वेळ होती. सोळाही यंत्रे चालू होती. चालू होती, हे मी मुद्दाम लिहितो. मुली टायपिंगचा सराव करत होत्या. साहेबांनी त्यांना उठवून भिंतीला उभे केले आणि मेनस्विच बंद करायला लावला. मी क्रमांक एकपासून सुरुवात केली. आठव्यापर्यंत ठकी माझ्या मागोमाग येत होती. तिला वाटत होते की दादा नाटक करतोय, साहेब गेले की फाडून टाकेल. नवव्यावर तिने माझ्या मनगटाला धरले. "दादा, एक तरी उघड. एवढं एकच उघडून बघ."

मुली बघत होत्या. साहेब बघत होते. फोटोग्राफरने कॅमेरा वर केला होता. मी तिचा हात सोडवला आणि म्हटले, "बाई, प्रक्रियेत अडथळा आणू नका."

बाई म्हटले मी तिला. जिला मी कडेवर घेऊन फिरलो तिला. आणि नवव्यावर शिक्का मारला, आणि सोळापर्यंत मारत गेलो.

तिला बदली नवी यंत्रे मिळाली, अकरा महिन्यांनी, आणि सोळाच्या जागी चार. तोवर मुली पांगल्या होत्या आणि जागा सुटली होती. चारही यंत्रे तिने परत केली. त्यानंतर ती एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून कागद काढून देऊ लागली. अजून देते. त्या वर्षीच्या अहवालात मुखपृष्ठावर माझा फोटो होता, हातात शिक्का, मागे भिंतीला टेकलेल्या मुली. ठकी कडेला अर्धी दिसते. आत वाढीचा आकडा होता. त्या आकड्यात ती सोळा यंत्रे दोनदा आहेत.

चौदा वर्षे झाली. ती आमच्याकडे आली ती माझी बायको आजारी पडली तेव्हा आणि गेली तेव्हा. दोन्ही वेळा मला म्हणाली, "येते, साहेब." ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय तरी धरले असते. "साहेब" म्हटल्यावर काय करायचे?

बायको दर महिन्याला मला न सांगता तिच्याकडे जायची. मला माहीत होते. तिने शेवटी मला एवढेच सांगितले, "एकदा जाऊन ये. ती मारणार नाही तुला." मी दोनदा झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेलो. एकदा ती आत होती आणि मी फुटपाथवरून वळलो. दुसऱ्यांदा दुकान बंद होते आणि मला बरे वाटले. असा मी माणूस आहे.

कलम पाच. योजनेच्या कामासाठी मला मिळालेले काचेचे सन्मानचिन्ह, ज्यावर हिरवे पान कोरले आहे, ते साहेबांना. ते निवृत्त होऊन भाषणे देतात असे ऐकतो. सोबत चिठ्ठी नको. कुरियरवाल्याने ते फोडले तर भांडू नये.

कलम सहा. तो रबरी शिक्का टेबलाच्या खालच्या खणात आहे. तो कोणालाही देऊ नये. वितळवूही नये, त्याचा वास वाईट येतो. आमच्या गल्लीला तो वास ठाऊक आहे. मोडीत काढलेल्या यंत्रांच्या तारा मागच्या भंगाराच्या वखारीत जाळायचे तेव्हा बायको ओल्या फडक्याने खिडक्यांच्या फटी बुजवायची आणि माझ्याकडे बघायची नाही. शिक्का कात्रीने बारीक कापून कचऱ्यात टाकावा.

कलम सात, आणि हे सगळ्यात महत्त्वाचे. मागच्या खोलीत पलंगाखाली चादरीत गुंडाळलेले एक यंत्र आहे. ते क्रमांक नऊ. तपासणीनंतर आठवड्याने मी भंगारवाल्याच्या वखारीत गेलो आणि ते मागितले. तो म्हणाला, "मिस्त्री, माल तर धडधाकट दिसतोय. शिक्का तुमचाच ना?" मी ते हातगाडीवर घालून आणले, आणि तेरा वर्षे चादर सोडली नाही.

डॉक्टरांनी माझ्या दुखण्याचे सांगितल्यावर गेल्या वर्षी सोडली. झाकण काढले. आत धूळ होती, बस्स. आतल्या घड्याळाचा छोटा सेल संपला होता, तो बदलला. बटण दाबले. तीन मिनिटे लागली, आणि ते चालू झाले. मी जोडलेले यंत्र होते. न चालायला काय झाले होते?

त्यात 'सराव' म्हणून एक फाईल आहे. ठकीने मुलींना टायपिंगसाठी दिलेला उतारा. एकाखाली एक असा एकेचाळीस वेळा तोच उतारा टाईप केलेला आहे आणि प्रत्येकीने शेवटी हजेरी क्रमांक टाकला आहे. उतारा असा: "आमच्या बाईंच्या दादांनी ही यंत्रे जोडली. लोकांनी फेकलेले भाग त्यांनी गोळा केले. ते म्हणतात, उघडून बघितल्याशिवाय कशालाही वाईट म्हणू नये. आम्हीही तसेच वागू." बेचाळिसावा अर्धाच आहे. "उघडून बघित" इथपर्यंत. तिथे साहेबांनी तिला उठवले असावे. यंत्र दर दोन मिनिटांनी आपोआप जपून ठेवेल अशी सोय मीच करून दिली होती.

हे मृत्युपत्र वाचून दाखवण्याआधी वकीलबाईंनी ते यंत्र टेबलावर ठेवावे. माझा शिक्का त्यावर अजून आहे, तो पुसू नये. बटण ठकीने दाबावे. तीन मिनिटे लागतील, तेवढा वेळ कोणी तिच्याशी बोलू नये. मग तिला हवे तर पुढचे वाचावे, नको असेल तर ती उठून गेली तरी गाळा तिचाच.

ठके, तू एक उघड म्हणाली होतीस. मला उघडायची गरज नव्हती ग. मला माहीतच होतं.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिले आहे. ठकीला लाभ होत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही असे वकीलबाई म्हणतात. कायदा चांगला आहे. तिच्यासमोर माझ्याने सही झाली नसती.

ठिकाण: दुकानाचा गाळा, तळमजला.
दिनांक: सात मार्च, सकाळी अकरा.
सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार पहिला: वखारीचा मालक, भंगारवाला. सही करण्यापूर्वी याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "मिस्त्री, यंत्र चालतं असं तुम्ही लिहिलंय. मी बघितल्याशिवाय सही करत नाही." मृत्युपत्र करणाऱ्याने मान खाली घातली आणि पलंगाखालून यंत्र काढून दिले.

साक्षीदार दुसरा: उपचार करणारे डॉक्टर.

आम्ही दोघांनी यंत्र क्रमांक नऊ समक्ष चालू करून पाहिले. तीन मिनिटे थांबलो. चालते. मग सह्या केल्या.