पंधरावा अंगठा

सौ. विहीणबाईंना त्यांच्या लेकीच्या सासूचा नमस्कार, आणि त्याच्या मागे दोन्ही कान धरून उभा असलेला आणखी एक नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा कधी कुरकुरत नाही, तो तुमच्यावर गेलेला नाही.) व्याह्यांचा खोकला आता कुठल्या डॉक्टरकडे असतो? आम्ही इकडे सगळे ठणठणीत. तुमची लेकही मजेत आहे. हे पत्र मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे, त्यामुळे तिच्याविषयी जास्त काही बोलता येत नाही, तरी भाजीत मीठ बेताचं घालायला शिकली एवढं कळवते. (आई, मी फक्त लिहून घेते आहे. शब्द सगळे सासूबाईंचे. – तुझी लेक)

चार आठवड्यांपूर्वी माझ्या फोनवरून तुम्हाला एक निरोप आला. 'रविवारी सकाळी दहाला हजर राहायचं. आंघोळ करून यायचं. मागच्या वेळेसारखं खाऊनपिऊन काम अर्ध्यात टाकून पळायचं नाही. आणि ते केस आवरायचे.' त्यावर तुम्ही एक अक्षर न लिहिता नुसता अंगठा पाठवलात, आणि तेव्हापासून तुमचा फोन नाही. मी तुमच्या जागी असते तर अंगठासुद्धा पाठवला नसता. पण विहीणबाई, त्या अंगठ्याने इकडे काय उलथापालथ केली ते ऐकाल तर गुडघा विसरून टुणकन उठाल!

आमच्या घरासमोर वाचनालय आहे, त्याच्या मागच्या खोलीत तरुण मंडळ आहे, हे तुम्ही पाहिलंच आहे. (तुम्ही नाकाला पदर लावून 'वंगणाचा वास येतो' म्हणालात तीच खोली.) पोरं मोडक्या सायकली आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करतात आणि ज्याला हवी त्याला फुकट वापरायला देतात. मंडळ सांभाळायचे ते रिटायर्ड पोस्टमन. ते डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडे गेले आणि जाताना किल्ली माझ्याकडे देऊन गेले, कारण काय, तर मी समोर राहते आणि दिवसभर खिडकीतच असते. किल्लीबरोबर निरोप धाडायचं कामही गळ्यात पडलं. मला वाटलं, त्यात काय, खिडकीतून हाक मारायची! तर पोरं म्हणाली, आजी, आम्ही कानात बोंडं घालून असतो, मेसेज टाका.

पोस्टमन आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटून कंटाळलेले, म्हणून स्वतःची लांबलचक ईमेल लिहायचे. 'सविनय' पासून सुरुवात आणि सही येईपर्यंत माणूस जेवून उठावा. ती कुणी वाचत नव्हतं. एकच मुलगी वाचते, तिला सगळे वकीलीण म्हणतात, आणि ती प्रत्येक ईमेलला सात मुद्द्यांचं उत्तर देते. उलट ज्यांची ती खोली आहे त्या कार्यालयाला ईमेलशिवाय काही दिसत नाही. म्हणजे कार्यालयाला ईमेल, पोरांना मेसेज, आणि मला तोंड. ईमेल तुमची लेक ऑफिसातून आल्यावर लिहिते. मेसेजचं मात्र मी शिकले! फोनवर बोटाने एक खूण दाबायची आणि बोलायचं, तो मुकाट्याने लिहून घेतो. (माझ्या घरात मुकाट्याने ऐकणारं पहिलंच कुणी.) आता धाडायचा कुणाला? नावं वाचता येत नाहीत, म्हणून मी नावांशेजारची चित्रं पाठ केली. चष्मेवाली, मांजरवाला, समुद्राकडे तोंड करून उभी राहिलेली, आणि गुलाबवाला. गुलाबवाला म्हणजे तो झिपऱ्या पोरगा, चहा पितो, बिस्किटं खातो आणि पंक्चर अर्धं सोडून पळतो. आता कळलं ना ते केस कुणाचे?

तर कार्यालयाची ईमेल आली. रविवारी दहाला आमचा माणूस येईल, पंधरा सभासद समोर दिसले तर खोली मंडळाची, नाही तर तिथे जुनी कपाटं ठेवू. कपाटं काय सायकल चालवणार आहेत? मी एकेका चित्राला दम भरला, आणि भराभर अंगठे आले! संध्याकाळी तुमच्या लेकीने मोजले, पूर्ण पंधरा. (मी आकडा मोजला, आई. नावं वाचली नाहीत, ही माझी चूक.) आता मला सांगा, घराच्या कागदावर मी अंगठा उठवला, मुलाचं नाव शाळेत घातलं तेव्हा अंगठा उठवला, आणि एकदा उठवला की मागे घेतला नाही. जन्मभर लोक मला अंगठाबहाद्दर म्हणून हसले. आता शिकलेली पोरं आपण होऊन अंगठा देतायत म्हटल्यावर मी निर्धास्त झोपले.

रविवारी दहाला खोलीत तीन टाळकी! वकीलीण, शिडी नावाचा उंच पोरगा, आणि वाचनालयाच्या वर राहणारी मुलगी. अंगठा म्हणजे 'येतो' नव्हे, आजी, 'वाचलं', असं वकीलीण मला तेव्हा सांगते! आणि कार्यालयाचा माणूस वही घेऊन दारात. अंगाने टाचणीसारखा, बोलणंही टोचणारं. तीनच का, म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मोजायची घाई नको, आधी हे चाक धरा, सोडलंत तर शिडीच्या पायावर पडेल. दोन्ही हातांत चाक दिल्यावर वहीत लिहिणार कसा? मग मी फोनची खूण दाबली आणि सगळ्या चित्रांना एकच निरोप धाडला. 'अंगठा दिलाय तुम्ही. मी एका अंगठ्यावर चाळीस वर्षं संसार केला, तुम्हाला पन्नास पावलं चालवत नाहीत?'

काय सांगू विहीणबाई, गल्ली नुसती धावत सुटली! एक तोंडात ब्रश घेऊन आला. एकाची दाढी निम्मी. चष्मेवाली चष्मा विसरली आणि आधी वाचनालयात शिरली. दोघं बिनचेनची सायकल ढकलत आली, का ढकलत आली ते त्यांनाच माहीत. टाचणीने चाक खाली ठेवलं, कपाळाला वंगण फासून घेतलं, आणि मोजलं. चौदा. मी म्हटलं, मला धरून पंधरा. तर म्हणतो, आजी, तुम्ही देखरेखीच्या, सभासद नाही. मी म्हटलं, थांबा, गुलाबाचा अंगठा आहे माझ्याकडे! वकीलिणीने फोन घेतला, पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "आजी, इथे विहीणबाई लिहिलंय."

मी निरोप धाडायच्या आदल्याच दिवशी त्या झिपऱ्याने गुलाब काढून मोटारसायकल लावली होती! फोनमध्ये उरलेला गुलाब एकच, तो तुमचा. त्या मोटारसायकलला मी ओळखलंच नाही, त्यामुळे बिचाऱ्याला निरोपच गेला नाही. सगळी खोली खो खो हसली, टाचणीसुद्धा हसला, आणि हसण्याच्या भरात एक महिन्याची मुदत देऊन गेला. झिपऱ्या आता बेकरीत कामाला लागलाय, रविवारी त्याला सुट्टी नाही. तेव्हा आम्ही आहोत तिथेच आहोत, चौदा.

झालं गेलं सांगून मन मोकळं केलं. राग धरू नका. व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण
(खाली जो काळा डाग आहे तो माझा अंगठा. शाई नाही, वंगण आहे.)

ता. क. १ : तो गुलाब काढा आणि स्वतःचा फोटो लावा. तुमचा चेहरा मी हजारांत ओळखते, आणि तो गुलाबापेक्षा बरा आहे. (हे लिहिताना तुमची लेक हसली.)

ता. क. २ : मंडळाचे नियम वकीलिणीकडून दोनदा वाचून घेतले. सभासदाला चौदा वर्षं पूर्ण हवीत. पुढे कुठे थांबायचं ते लिहिणारे विसरले. तुमची चौदा झाली असतील असं मी धरून चालते. सायकलींच्या नऊ सीट फाटल्या आहेत आणि तुमच्यासारखं शिवणारं इथे कुणी नाही. मोजणी येत्या रविवारी, दहाला. तुम्ही अंगठा दिलेला आहे.

ता. क. ३ : आई, हे त्या आत गेल्यावर लिहिते आहे. तुझं नाव कालच कार्यालयाला ईमेलने गेलं. मी म्हटलं, आईला सरळ फोन करून विचारू या, तर म्हणाल्या, फोनवर ती नाही म्हणेल. पत्र शुक्रवारी पोचेल, आणि नकाराचं पत्र इथे यायला चार दिवस लागतील. मेसेजवर काहीही लिहून पाठव, त्यांना वाचता येत नाही. त्यांना फक्त अंगठा कळतो.